शेडच्या पूर्वेकडचं गवत

"कोणीतरी गायरानावर तणनाशक मारलंय," अशी तक्रार घेऊन साक्री तालुक्यातले एक बाबा आमच्या माती प्रयोगशाळेत आले. भाद्रपदातल्या एका सकाळी मी त्यांच्यासोबत माळावर गेले.

"ताई, हिरवं शे, पन ढोरे तोंड लावतस नही," बाबा म्हणाले.

माळाला लागून कोंबड्यांची मोठी शेड आहे. तिच्या पश्चिमेला कुसळी, पवना, मारवेल आणि त्यांच्या अधूनमधून रानमूग. मीटरभर चौकट टाकून मोजलं, तर चौदा प्रकारच्या वनस्पती भरल्या. पूर्वेला पन्नास पावलांवर तीच चौकट टाकली आणि चारच निघाल्या. तरोटा, काठेमाठ, गाजरगवत आणि एकच दांडगं गवत. तणनाशक मारलं असतं तर एवढी हिरवाई दिसलीच नसती.

खताचं पाणी झिरपलं असेल असं आधी वाटलं. पण उतार उलटा होता, माळाकडून शेडकडे. पाणी वर कसं चढेल? तेवढ्यात पश्चिमेची झुळूक आली आणि डोळे चुरचुरले. अमोनिया! कोंबडीच्या विष्ठेतलं युरिक आम्ल जिवाणू फोडतात, त्यातून हा वायू सुटतो. त्यातला बराचसा जवळच्याच पानांवर आणि मातीत बसतो. आमच्याकडे पावसाळाभर वारा पश्चिमेचा, त्यामुळे तो पूर्वेच्याच माळावर पडत होता.

मग खुरप्यानं दोन्हीकडचा रानमूग उपटला. पूर्वेला मोठ्या मुश्किलीनं एक रोप सापडलं. पश्चिमेच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली, आत गुलाबी. म्हणजे गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधत होते. पूर्वेच्या मुळावर एकही गाठ नव्हती. अमोनियातून आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना साखर पुरवणं थांबवतं. तरोटा शेंगवर्गीय असूनही मुळांवर गाठी धरत नाही, म्हणून त्याचं काहीच अडलं नव्हतं. पवन्यासारखी गवतं गरिबीत जगायला घडलेली. नत्र वाढला की दांडगी तणं उंच होतात आणि त्यांची सावली या गवतांना मारते. मला खरं वाईट वाटलं ते याचं, कारण बाबांच्या गाई त्याच पवन्यावर वाढल्या आहेत.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1856 पासून एका कुरणाचे तुकडे असेच तपासले जात आहेत. अमोनियम खत मिळालेल्या आणि चुना न घातलेल्या तुकड्यांत माती आम्ल झाली आणि मोजकीच गवतं उरली. आमच्या नमुन्यांत चुनखडीमुळे सामू, म्हणजे मातीच्या आम्लपणाचं माप, फारसा हलला नव्हता, तरी वनस्पती गेल्याच होत्या.

प्रयोगशाळेत दोन्ही माती बंद बरण्यांत ठेवून तिचा श्वास मोजला, म्हणजे सूक्ष्मजीव किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते. पूर्वेची माती मंद निघाली. मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पश्चिमेच्या मुळांत मायकोरायझा, म्हणजे मुळांना अन्न मिळवून देणाऱ्या बुरशीचे, निळे धागे दाट होते, पूर्वेच्या मुळांत शोधावे लागले.

शेडमालकांना मी बरण्यांचे आकडे दाखवले. कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस ओलं राहिलं की अमोनिया जास्त सुटतो, म्हणून त्यांनी पाणी पिण्याचे गळके निपल बदलले आणि तूस कोरडं ठेवायचं कबूल केलं. बाबांनी दर दहा पावलांवर बाभळीचे खुंटे ठोकलेत. पुढच्या भाद्रपदात मी तिथेच चौकट टाकणार आहे.