तुम्ही विचारलंत म्हणून: सईद आणि बॅरेनबॉइम

एडवर्ड सईद आणि डॅनिएल बॅरेनबॉइम यांच्या मैत्रीविषयी मी बोलू लागले की कुणीतरी विचारतंच, "पण त्यानं काय झालं? तिकडं इस्रायल-पॅलेस्टाइनमध्ये माणसं मरतातच आहेत ना?"

मरताहेत. ते बाजूला सारून या मैत्रीचं कौतुक करणं मला जमणार नाही. पण लढाई थांबवू, असं या दोघांनी कधी म्हटलंच नव्हतं.

सईद १९३५ साली जेरुसलेमला जन्मलेले, कैरोत वाढलेले पॅलेस्टिनी विचारवंत आणि साहित्य-समीक्षक. बॅरेनबॉइम ब्युनोस आयर्सच्या ज्यू घरातले, लहानपणीच इस्रायलला गेलेले पियानोवादक आणि ऑर्केस्ट्रा-संचालक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या एका हॉटेलात अचानक गाठ पडली. सईद स्वतः उत्तम पियानो वाजवत, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागला नाही.

या मैत्रीत कुणी मवाळ झालं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९३च्या ऑस्लो शांतता करारावर सईद तुटून पडले ते पडलेच. उलट २००१ साली बॅरेनबॉइमनी जेरुसलेममध्ये वाग्नर, म्हणजे हिटलरच्या आवडत्या, ज्यूद्वेष्ट्या जर्मन संगीतकाराचं संगीत, वाजवला आणि इस्रायलभर गदारोळ उठला, तेव्हा त्यांची बाजू समजावून सांगणारा लेख लिहिला तो सईदांनी.

१९९९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला दोघांनी इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र बोलावून ऑर्केस्ट्रा उभा केला. नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी तिथून हाकेच्या अंतरावर. मुलांना तीही दाखवली. बॅरेनबॉइम सांगतात, की आयुष्यात एकही इस्रायली न पाहिलेला एक सीरियन मुलगा इस्रायली चेलोवादकाशेजारी, एकाच नोटेशनसमोर बसला. दोघांना एकच सूर, एकाच जोरानं, गज सारखाच फिरवून काढायचा होता. त्यासाठी शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं. हा ऑर्केस्ट्रा शांततेसाठी नाही, अज्ञानाविरुद्ध आहे, असं बॅरेनबॉइम म्हणत आले आहेत. मला ते पटतं.

२००३ मध्ये सईद ल्युकेमियानं गेले. दोन वर्षांनी हाच ऑर्केस्ट्रा वेस्ट बँकमधल्या रामल्ला या पॅलेस्टिनी शहरात वाजला. वादकांना तिथं पोचता यावं म्हणून स्पेननं त्यांना राजनैतिक पासपोर्ट दिले होते!

आज बर्लिनमध्ये दोघांच्या नावाची संगीत अकादमी आहे. तिथं वाद्याच्या जोडीला तत्त्वज्ञान आणि साहित्यही शिकावं लागतं. सईद असते तर त्यांनी हाच हट्ट धरला असता, याबद्दल मला शंका नाही.