आगगाडीने सोडलेली वाट

युरोपात शेतांतून, जुन्या गावांजवळून फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटा आहेत. असा मोटारी नसलेला रस्ता आधी कानाला कळतो. डोळे बिचारे सवयीने मागे वळून बघतच असतात, हँडलवरची मूठही आवळलेलीच असते. पण थोडं अंतर गेलं की आपल्याच सायकलचे आवाज ऐकू यायला लागतात. डांबरावरची टायरची सुरसुर, पाय थांबवला की मागच्या चाकातली किटकिट, आणि साखळीला तेल घालायला झालंय ही बातमी. रहदारीत ही बातमी आठवडेच्या आठवडे दबून राहते.

दुसरी चैन म्हणजे शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारणं. एरवी सायकलवरचं संभाषण पुढच्याच्या पाठीशी होतं आणि त्यातलं निम्मं वारा खातो. इथे मात्र दोघांची हँडलं जोडीने चालतात. गप्पांना मानवणारा वेग साधारण ताशी १५ ते १८ किलोमीटर. त्याच्या दुप्पट वेगाने जायचं म्हटलं तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद आठपट. म्हणजे ज्याला बोलायचं आहे त्याने सावकाश जावं, हे निसर्गानेच ठरवून टाकलंय. खाली मुंडी घालून, हँडलवरच्या आकड्यांकडे बघत सुसाट जाणारेही भेटतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त एवढी हिरवी शेतं आणि एवढी जुनी गावं त्यांच्यासाठी कशाला मांडून ठेवली, असा प्रश्न पडतो.

पण सरळ, सपाट, डांबरी आणि वर रिकामा असा रस्ता दिसला की मला जरा संशयच येतो. इतका चांगला रस्ता कुणी उगाच मोकळा सोडत नाही. त्याच्यामागे काही ना काही घडलेलं असतं, आणि या बाबतीत घडलेलं मोठं गमतीचं आहे.

मोटार जन्माला यायच्या आधी गुळगुळीत रस्त्यांसाठी सर्वांत मोठ्याने ओरडणारे लोक होते सायकलवाले. अमेरिकेत १८८० मध्ये त्यांची ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ निघाली आणि तिने चांगल्या रस्त्यांचा असा काही तगादा लावला की त्याची देशभर चळवळ झाली. पलीकडे जर्मनीत कार्ल बेंझ हा तरुणपणापासूनचा सायकलवेडा माणूस. १८८६ मध्ये त्याने पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीची चाकंसुद्धा सायकलसारखी तारांची होती. रस्ते झाले, मोटारीही झाल्या, आणि ज्यांनी रस्ते मागितले होते ते हळूहळू कडेच्या पांढऱ्या रेघेवर येऊन पोचले.

मग मोटारींनी आगगाडीकडे मोर्चा वळवला. लोक आणि माल दोन्ही रस्त्यावर गेल्यावर गावोगावच्या छोट्या रेल्वेमार्गांना उतरती कळा लागली. ब्रिटनमध्ये १९६३ साली तिथल्या रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्थानकं आणि सुमारे ८,००० किलोमीटरचे मार्ग बंद करायची शिफारस केली. पुढे सगळंच बंद झालं असं नाही, पण पुष्कळ झालं. रूळ उखडून भंगारात गेले. भराव, पूल, बोगदे मात्र उचलून नेण्यासारखे नव्हते. ते तसेच झुडपांत पडून राहिले. ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधल्या अशाच एका मृत मार्गावर १९७९ पासून सायकलवाल्यांनी काम सुरू केलं आणि १९८६ पर्यंत सुमारे २१ किलोमीटरची वाट तयार केली. स्पेनने १९९३ मध्ये ‘व्हियास व्हेर्देस’ म्हणजे ‘हिरव्या वाटा’ या नावाने तोच उद्योग देशभर आरंभला. फ्रान्समध्ये बरगंडीतल्या जिव्री ते क्लुनी या बंद मार्गावर १९९७ मध्ये ४४ किलोमीटरची ‘व्हुआ व्हेर्त’ खुली झाली. सायकलवाल्यांचा रस्ता मोटारीने घेतला, मोटारीने आगगाडी बंद पाडली, आणि आगगाडीची वाट सायकलवाल्यांच्या पदरात पडली. हिशेब शंभर वर्षांनी चुकता झाला म्हणायचा. व्याज काही मिळालं नाही, पण बोगदे मिळाले.

आणि काय वाट मिळाली! पोलादी रुळावर पोलादी चाक चढावर सहज घसरतं, म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर कमानी टाकल्या, पण चढ शक्यतो शंभराला दोनच्या वर जाऊ दिला नाही. वळणंही लांबलचक, आळसावलेली. डब्यातल्या उतारूंसाठी केलेली ही सगळी उठाठेव आता गुडघे दुखणाऱ्यांच्या कामी येते. एक खोड मात्र आहे. शंभराला एकचा चढ डोळ्यांना दिसतच नाही. रस्ता सपाट वाटतो, मांड्या म्हणतात नाही. अशा वेळी माणूस ब्रेक घासतोय का ते उतरून बघतो, टायर दाबून बघतो, काल झोप कमी झाली असं स्वतःला सांगतो. परत येताना तीच सायकल नुसती वाऱ्यासारखी पळायला लागली की उलगडा होतो. त्या क्षणी आपल्या तब्येतीबद्दल जो अभिमान वाटतो, तोही अर्थात त्या शंभराला एकचाच.

क्लुनीची गंमत सांगायला हवी. तिथला मठ ९१० सालचा. त्याचं तिसरं चर्च १०८८ मध्ये सुरू झालं आणि सोळाव्या शतकात रोममध्ये सेंट पीटर्सची आजची इमारत उभी राहू लागेपर्यंत ख्रिस्ती जगात त्याच्याएवढं मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि घेणाऱ्यांनी त्याची चक्क दगडाची खाण केली. वर्षानुवर्षं ते पाडत होते. दगड आजूबाजूच्या बांधकामांत गेले. आज क्रूसाच्या आकाराच्या त्या चर्चचा एका बाजूचा हात आणि त्यावरचा मनोरा तेवढा उभा आहे. ख्रिस्ती जगातल्या एकेकाळच्या सर्वांत मोठ्या चर्चकडे सायकलने जावं आणि मुख्यतः रिकामी जागा बघून यावं, हे या वाटेला शोभतंच. तिथे पोचवणारी आगगाडी नाही, आणि जे बघायला जायचं तेही बरंचसं नाही.

जुनी गावं ‘जपली आहेत’ असं आपण कौतुकाने म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही. बऱ्याचदा मोठा रस्ता दुसरीकडून गेला, पाठोपाठ पैसा गेला, तरुण माणसं गेली, आणि जुनं पाडून नवं बांधायला कुणाची ऐपतच उरली नाही. दगडी भिंती राहिल्या त्या बऱ्याच अंशी अशा. आपण त्या निवांतपणाचे फोटो काढतो. तिथे राहणाऱ्याला शाळा आणि दवाखाना किती लांब पडतो, ते फोटोत येत नाही. सायकलवाल्याने निदान खिडकीत डोकावून ‘किती शांत आहे हो तुमच्याकडे’ म्हणू नये.

शिवाय ही गावं वाटेवर नसतातच. आगगाडीला सपाटी हवी होती आणि जुन्या गावांना संरक्षण. त्यामुळे गाव टेकडीवर आणि स्थानक खाली, अशी जोडी ठिकठिकाणी दिसते. क्लुनीच्या वाटेजवळचं ब्रांसिओं असंच डोंगरमाथ्यावर. स्पेनमध्ये ऑलिव्ह तेलाच्या मालगाड्या ज्या मार्गाने जायच्या, त्या ‘व्हिया व्हेर्दे देल असेइते’जवळचं सुहेरोस तर कड्याला चिकटलेलं. अशा फाट्यावर मंडळींची परीक्षा होते. एक जण घोटभर पाणी पिऊन म्हणतो, इथूनही छान दिसतंय की. दुसरा काही न बोलता हलक्या गिअरवर येतो आणि वर जाऊ लागतो. दोघांची मैत्री टिकते, कारण वर जाणाऱ्याला सांगायला गोष्ट मिळते आणि खाली राहणाऱ्याला सावली. माझं मत विचाराल तर जावं वर. गावाच्या वेशीपासून उतरून सायकल हातात धरावी. तिथली गोट्यांची फरसबंदी बारीक, कडक टायरला मुळीच मानवत नाही, आणि ज्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आणि खेचरांच्या मापाने आखल्या त्या पायीच समजतात.

कालव्याकाठच्या वाटांची जात वेगळी. त्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या, म्हणून पाण्याइतक्याच सपाट. दक्षिण फ्रान्समधला ‘कॅनाल द्यू मिदी’ पियेर-पॉल रिके यांनी १६६६ मध्ये खणायला घेतला, तो १६८१ मध्ये वाहता झाला. लांबी २४० किलोमीटर. तो पुरा होण्याआधी काही महिने रिके गेले. त्याच्या दोन्ही काठांवरच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) वृक्षांच्या कमानीचा फोटो बघून लोक निघतात. त्या झाडांना २००६ पासून एका बुरशीने ग्रासलंय आणि हजारो झाडं तोडावी लागली आहेत. फोटोतली सावली बऱ्याच ठिकाणी आता फोटोतच आहे. टोपी न्यावी.

वाट चुकण्याची भीती असलेल्यांनी बेल्जियम किंवा नेदरलँड्स गाठावं. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने कोळशाच्या खाणीतल्या फाट्यांना क्रमांक असतात ते पाहिलं होतं. तीच युक्ती त्याने जमिनीवर आणली, आणि १९९५ मध्ये सायकलमार्गांच्या प्रत्येक नाक्याला आकडा मिळाला. निघताना कागदावर आठ-दहा आकडे लिहायचे, हँडलला चिकटवायचे, की झालं. सोय उत्तम आहे, फक्त संध्याकाळी कुठे कुठे गेलो ते आठवताना गावांच्या जागी आकडेच तोंडात येतात.

या वाटांवर रहदारी नसते असं म्हणतात, त्यात एक चूक आहे. रहदारी असते, ती आपण असतो. पायी फिरणाऱ्यांच्या दृष्टीने मागून न वाजता येणारी सायकल म्हणजे आपल्याला मोटार वाटते तेच. त्यांचा हक्क पहिला, म्हणून घंटी वाजवायची. इथे एक न सुटलेला पेच आहे. लांबून वाजवली तर ऐकू जात नाही, जवळून वाजवली तर माणसं दचकतात. हातात हात घालून चाललेलं जोडपं बरोबर दोन दिशांना उडी मारतं, त्यांचा कुत्रा रस्त्याच्या मधोमध बसून घेतो, आणि चौघांचीही नजर पडते ती ज्याने ब्रेक दाबलाय त्याच्या मागून गप्पांच्या नादात येणाऱ्या पाचव्यावर.