पाटल्या कुठे आणि कधी?

मावशीच्या पाटल्या हरवल्या. म्हटलं, १ ते २४९ मधला आकडा सांग. "३०." ज्योतिषातल्या कृष्णमूर्ती पद्धतीत सांगितलेल्या आकड्यावरून प्रश्नाची कुंडली मांडतात; ३० म्हणजे वृषभ लग्न (कुंडलीतल्या पहिल्या घरातली रास). स्थिर राशी, म्हणून वस्तू घरातच. पृथ्वीतत्त्व, म्हणून दिशा दक्षिण, जागा जमिनीलगत. दक्षिणेला तिचं स्वयंपाकघर! (कामवालीवरचा संशय तिथेच बंद केला, हे बरं झालं.)

'कुठे' तसं सोपं. 'कधी सापडेल' मात्र घाम काढतं. राशींचे तीन गट: चर (चंचल) राशी म्हणजे लवकर, स्थिर म्हणजे उशिरा, द्विस्वभाव (दोन्हींचं मिश्रण) म्हणजे मधलं; पण उशीर म्हणजे आठवडे की महिने? एककच ठरत नाही. इथे पोथीपेक्षा व्यवहारज्ञान बरं. दोन खोल्यांच्या घरात सोनं महिनोन्‌महिने कसं लपेल? तरी मी मुदत सांगितलीच नाही.

संध्याकाळी तांदळाच्या डब्यात सापडल्या. मावशी आता भाच्याच्या लग्नाची तारीख विचारतेय. 😄