काचेपलीकडची खोटी धावपट्टी

वैमानिकांना जमिनीवरच विमान चालवायला शिकवणाऱ्या सिम्युलेटरमधल्या दृश्याचे कौतुक करताना लोक समुद्र, ढग आणि टर्मिनलच्या काचांवरचे ऊन यांबद्दल बोलतात. मी मात्र आधी धावपट्टीवर टायरचे काळे पट्टे उमटले आहेत की नाहीत ते पाहते.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला एका जुन्या सिम्युलेटरवर माझे विमान दर वेळी आदळत असे. जेट विमानात साधारण 30 फुटांवर नाक हळूच उचलून खाली येण्याचा वेग कमी करावा लागतो, यालाच फ्लेअर म्हणतात, आणि मला तो नेमका उशिरा सुचे. तिथली धावपट्टी एकसारखी करडी होती. मधली पांढरी रेघ होती, पण डांबराची खरखर नव्हती, त्यामुळे जमीन किती वेगाने वर येते आहे हे डोळ्यांना कळायला काहीच आधार नव्हता. (हातांचाही दोष होता, हे मान्य.)

जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास केला. आपण ज्या बिंदूकडे उतरत असतो तो समोरच्या काचेत जागचा हलत नाही आणि बाकीची जमीन त्याच्यापासून चहूबाजूंनी पसरत जाते, हे त्यांनी मांडले. टेकायचे ठिकाण काचेत वर सरकू लागले, तर आपण त्याच्या अलीकडेच टेकणार. हे पसरणे दिसण्यासाठी जमिनीला पोत लागतो.

पोत असूनही डोळे फसतातच. 45 मीटर रुंद धावपट्टीची सवय झालेल्याला 30 मीटरची धावपट्टी दिसली, की आपण फार उंच आहोत असे वाटते आणि तो नकळत खाली येतो. रात्री अंधाऱ्या भूभागापलीकडे नुसते दिवे दिसत असतानाही हेच घडते. 1960 च्या दशकात बोइंगमधील कॉनराड क्राफ्ट यांनी अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये अशा दृश्यात उतरायला लावले, तेव्हा बहुतेक जण धोकादायक रीतीने खाली गेले. म्हणजे सिम्युलेटरला फसवणूकसुद्धा हुबेहूब करावी लागते, आणि या एका धड्यापुरते जुने, फक्त ठिपके दाखवणारे रात्रीचे दृश्य चांगलेच कामाचे होते.

अंतराचे सोंग मात्र आरसा वठवतो. पडद्यावरचे चित्र थेट पाहिले, तर डाव्या आणि उजव्या वैमानिकाला धावपट्टी वेगवेगळ्या दिशेला दिसेल. म्हणून कॉकपिटपुढे मोठा वक्र आरसा असतो, ज्यात प्रतिमा क्षितिजाइतकी दूर भासते आणि दोघांनाही ती नाकासमोरच दिसते. हा आरसा बहुधा काचेचा नसून निर्वाताने ताणून धरलेल्या चकचकीत प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचा असतो.