यंदा किल्ला नाही, नरकासूर

गोवा परदेश नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या सासऱ्यांचा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये आहे, आणि साताऱ्याहून लग्न करून म्हापशाजवळच्या या गावात आले तेव्हाची पहिली दिवाळी मला परदेशातच गेल्यासारखी वाटली होती. चतुर्दशीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. नाक्यानाक्यावर नरकासुराचे अजस्र पुतळे, कानठळ्या बसवणारे स्पीकर, आणि पहाटे सगळ्यांना अग्नी. अंगणात किल्ला मात्र एकही नाही.

मग दरवर्षी मीच हट्टाने किल्ला करत आले. चिऱ्यांचे तुकडे, गोणपाट, तांबडी माती, वर पेरलेले हळीव. माहेरून आणलेले मावळे. यंदा मात्र सात वर्षांच्या थोरल्याने सांगून टाकलं, "आई, आमी नरकासूर करूंया!" चार वर्षांच्या धाकटीने लगेच री ओढली. मुलं कोकणीत बोलायला लागली की समजावं, निर्णय झालाय.

बाजारात तयार मुखवटे मिळतात. पण आमच्या घरात खोक्यांचा डोंगर साठला होता, त्यामुळे विकत काही आणायचं नाही असं ठरवलं. सासूबाईंनी जुनं मडकं दिलं. त्याला तेलाचा हात फिरवून वर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चिकटवायचे, एकावर एक पाच-सहा थर. तुकडे फाडायचं काम धाकटीचं. कात्री न देता चार वर्षांच्या मुलाला अर्धा तास गुंतवणारं याहून चांगलं काम मला अजून सापडलेलं नाही. अंड्यांच्या ट्रेचे उंचवटे कापले की डोळ्यांच्या खोबण्या होतात, आणि मधला टोकदार भाग उलटा लावला की सुळे.

साताऱ्याच्या हवेत हा मुखवटा दोन दिवसांत खडखडीत वाळला असता. इथे परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता. तिसऱ्या दिवशी मुखवट्यावर बुरशी आणि मुंग्यांची रांग, चौथ्या दिवशी नाक गळून पडलं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ते विष, मुलांच्या हातात कसं द्यायचं? दुसऱ्यांदा खळ करताना सासूबाईंनी पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळला, थर पातळ दिले, आणि प्रत्येक थर पंख्याखाली वाळला की मगच पुढचा. यावेळी नाक टिकलं. थोडं वाकडंच, पण असुराला चालतं.

धड म्हणजे नवऱ्याची जुनी पँट आणि शर्ट. आत भाताचा पेंढा, इथे त्याला तण म्हणतात. कापणी नुकतीच झालेली असल्यामुळे भरपूर मिळाला. थोरल्याला पोटात चिप्सची पाकिटं आणि थर्माकोल कोंबायचं होतं. त्याला मी ठाम नकार दिला. प्लॅस्टिकचा तो धूर आपल्याच नाकात जाणार. मग दोन ढीग केले: जळणारं नरकासुराला, न जळणारं आकाशकंदिलाला. पाकिटांची चंदेरी बाजू बाहेर काढून कापलेल्या झिरमिळ्या कंदिलाला इतक्या शोभल्या की शेजारची आंटी विचारून गेली, कुठून आणल्या.

चतुर्दशीच्या पहाटे थोरला कृष्ण झाला. सुदर्शनचक्र म्हणजे जुनी सीडी. ती पहिल्याच फेकीत कुंपणापलीकडे गेली. पेंढ्याने भुर्रकन पेट घेतला, आणि इतके दिवस त्या नाकाला गोंजारणारी धाकटी भोकाड पसरून रडायला लागली. मलाही चुटपुट लागली, खोटं कशाला सांगू? किल्ला निदान तुळशीच्या लग्नापर्यंत तरी राहतो. मग कारीट फोडलं, दुधातले फोव, म्हणजे पोहे, आणि ताकातले फोव खाल्ले, तेव्हा कुठे हुंदके थांबले.

आता डिसेंबर. आंटीकडे नाताळचा गोठा सजतोय. नारळाच्या सोडणांचं छप्पर, चपलांच्या खोक्याच्या भिंती, आणि हिरवळीसाठी उथळ ताटलीत पेरलेली नाचणी. ती पाहून मी चकितच झाले, म्हटलं अहो, हे तर आमचे हळीव! धाकटी रोज सकाळी जाऊन पाणी शिंपडते आणि अंकुर बोटाने दाबून बघते, म्हणून निम्मे आडवे झालेत. परवा तिने भाला मोडलेला एक मावळा नेऊन गाईशेजारी उभा केला. आंटीने त्याला मेंढपाळ म्हणून ठेवून घेतलं.

३१ तारखेला इथली मुलं ओल्ड मॅन जाळतात. जुन्या कपड्यांत पेंढा भरलेला म्हातारा, म्हणजे सरतं वर्ष. थोरल्याने कालच बाबाच्या कपाटाची पाहणी केली. नवऱ्याने कपाटाला कुलूप लावलंय.