वाचताना ठणठणीत, लिहिताना लटकणारी हार्ड डिस्क: माझा अनुभव

तुमची बाहेरची हार्ड डिस्क वाचताना नीट चालते आणि मोठी फाइल लिहायला घेतली की लटकते का? मग नवी डिस्क घेण्याआधी हे वाचा.

सेवा केंद्रात मला दर वेळी एकच उत्तर मिळालं, "डिस्क ओके आहे साहेब, फॉरमॅट करून बघा." त्यांच्या काउंटरवरच्या विंडोज 7 च्या मशीनवर ती खरंच चालायची. घरी लिनक्सवर मात्र आमच्या नाटकाच्या प्रयोगाचं चित्रीकरण कॉपीला टाकलं की सगळं थांबायचं, अर्ध्या मिनिटाने हलायचं, परत थांबायचं. लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, यूएसबी डिव्हाइस रिसेट झाल्याच्या ओळींची रांग. (तो अर्ध्या मिनिटाचा थांबा म्हणजे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, 30 सेकंदांचा टाइमआउट: तेवढा वेळ तो उत्तराची वाट बघतो.) मी विचारत होतो, की केसिंगमधली, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या डबीतली, यूएसबीची चिप एका दमात किती डेटा घेते? हा प्रश्न तिथे कुणी ऐकूनच घेतला नाही. त्याचा राग अजून आहे.

कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम मोठी फाइल डिस्ककडे एकदम पाठवत नाही, तुकडे करून पाठवते. तुकडा किती मोठा असावा याच्या मर्यादा प्रत्येक थरावर वेगळ्या असतात. डिस्कला दिल्या जाणाऱ्या जुन्या 28 बिटांच्या एटीए आज्ञेत जास्तीत जास्त 256 सेक्टर (512 बाइटचे तुकडे) मावतात, म्हणजे 128 केबी. 48 बिटांच्या आज्ञेत 65,536 सेक्टर, म्हणजे 32 एमबी. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कच्या 'क्यू' फोल्डरमध्ये दोन आकडे दिसतात: 'मॅक्स एचडब्ल्यू सेक्टर्स केबी' ही हार्डवेअरची कमाल मर्यादा, ती तिथे बदलता येत नाही, आणि 'मॅक्स सेक्टर्स केबी' ही प्रत्यक्ष वापरली जाणारी, जी आपण कमी करू शकतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशीच मर्यादा वर्षानुवर्षं 128 केबी होती, 13 व्या आवृत्तीत ती 64 बिटांच्या मशीनवर 1 एमबी झाली.

मी अडकलो तो इथेच. डिस्क केसिंगमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा जोडणीला लावली, तर कितीही मोठी फाइल बिनतक्रार. म्हणजे डिस्क निर्दोष. केसिंगमध्ये परत घातली की रडगाणं सुरू. दोन्ही आकडे 1024 दिसत होते आणि मला वाटत होतं, हार्डवेअरची मर्यादा म्हटल्यावर ती चिपनेच सांगितलेली असणार. तसं नसतं. लिनक्समधला यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर (यूएसबी डिस्क चालवणारा प्रोग्रॅम) ती स्वतःच गृहीत धरतो: यूएसबी 2 च्या वेगाला 240 सेक्टर, म्हणजे 120 केबी, यूएसबी 3 ला 2048 सेक्टर, म्हणजे 1 एमबी. हे कळल्यावर तीच केसिंग यूएसबी 2 च्या पोर्टात लावली. एकदाही लटकली नाही! तो आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

मग सगळं जुळलं. विंडोज 7 यूएसबी डिस्कला एका वेळी 64 केबीच पाठवतं, त्यामुळे काउंटरवरच्या चाचणीत त्या चिपवर कधी भारच आला नाही. माझ्याकडे वाचन सुरळीत चालायचं, कारण लिनक्सचं आगाऊ वाचन (पुढचा डेटा मागण्याआधीच वाचून ठेवणं) मुळात 128 केबीचं असतं. लिहिताना मात्र मेमरीत साठलेला डेटा एकत्र करून पूर्ण 1 एमबीचे तुकडे जातात.

उपाय एवढाच: रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'मॅक्स सेक्टर्स केबी'मध्ये 120 लिहिलं. कॉपीचा वेग कमी झाल्याचं मला तरी जाणवलं नाही. केबल काढून लावली की आकडा पूर्ववत होतो, म्हणून यूडेव्हचा (उपकरण जोडलं की आपोआप काम करणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) नियम करून ठेवा. चिप त्याहून नाजूक असेल तर यूएसबी स्टोरेज ड्रायव्हरच्या 'क्वर्क्स' (ठरावीक उपकरणांसाठीचे अपवाद) पर्यायात तिचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक देऊन 'एम' अक्षर लावा. मग मर्यादा 64 सेक्टर, म्हणजे 32 केबी होते.

हे आधी सांगायला हवं होतं: तपासताना छोट्या फाइली घेऊ नका, त्या सुखरूप जातात आणि फसवतात. सलग काही जीबीची एकच फाइल लिहा. आणि रिसेट येत असताना ज्या फाइली कॉपी झाल्या, त्यांचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) मूळ फाइलींशी ताडून पाहिल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका.