तंबूचं कापड

खरं तर आम्ही चेरी तोडायला गेलो होतो. सिडनीपासून यंग हे गाव पावणेचारशे किलोमीटर. डिसेंबरात तिथे बादली घेऊन बागेत शिरायचं, तोडता तोडता तोंडातही टाकायचं आणि बादलीत पडेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. दुपारपर्यंत बोटं जांभळी झाली, ऊन आणि माश्या दोन्ही सोसेनात, म्हणून सावली शोधत गावातल्या ‘लॅम्बिंग फ्लॅट’ संग्रहालयात घुसलो. लॅम्बिंग फ्लॅट हे गावाचं जुनं नाव. मेंढ्या वितात तो माळ. १८६३मध्ये ते बदलून गव्हर्नर जॉन यंग यांचं दिलं गेलं. संग्रहालयाने मात्र जुनंच ठेवलंय.

आत गावोगावच्या संग्रहालयांत असतो तोच पसारा. आणि काचेमागे एक जाडंभरडं कापड, तंबूचं. मधे तिरपा क्रॉस, त्यावर दक्षिणेच्या आकाशातले तारे, भोवती रंगवलेली अक्षरं: ‘रोल अप, रोल अप, नो चायनीज’. या, जमा व्हा, चिनी नकोत. मला वाटलं होतं, दंगलीतलं फडकं म्हणजे घाईने खरडलेलं असणार. पण अक्षरं चांगली मापात बसवलेली. कुणीतरी निवांत बसून, पुसून-बिसून केलेलं काम. एका टोकाला कापड विरलंय. बराच वेळ तिथून हलवेना.

१८६०मध्ये इथे सोनं सापडलं. नदीनाल्यांच्या गाळातलं, धुऊन काढायचं सोनं. म्हणजे पाणी हवं, आणि पाणी मुळातच कमी. ग्वांगडाँगहून आलेले चिनी, ऑस्ट्रेलियाला ‘नवा सोन्याचा डोंगर’ म्हणणारे, गटाने राबायचे. गोऱ्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुवायचे आणि त्यातूनही सोनं काढायचे. झालं! पाणी नासवतात, आमच्या तोंडचा घास पळवतात, पैसा गावी पाठवतात. ही वाक्यं मला ओळखीची वाटली. मुंबईत लहानपणी चाळीच्या कठड्यावर रेलून मोठी माणसं हेच बोलायची, फक्त ‘चिनी’च्या जागी शब्द दुसरा असायचा.

१८६१च्या हिवाळ्यापर्यंत, म्हणजे इथल्या जूनपर्यंत, चिन्यांना हुसकावण्याचे प्रकार अनेकदा झाले. मार्चमध्ये न्यू साउथ वेल्स वसाहतीचे प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख, चार्ल्स कौपर स्वतः येऊन खाणवाल्यांशी बोलून गेले, सैनिकही आले. मे महिन्यात सैनिक परत गेले. ३० जून १८६१, रविवार. दोन-तीन हजारांचा जमाव बँड वाजवत निघाला. पुढे निशाणं. चिन्यांचे तंबू पेटवले, सामान लुटलं, माणसांना झोडपलं. आणि शेंड्या कापल्या, काहींच्या तर डोक्याच्या कातडीसकट, आणि त्या मिरवल्या. तेव्हा चीनमध्ये मांचू राजवटीत शेंडी नसणं म्हणजे बंडखोरी. ती गमावलेल्याने मायदेशी तोंड कसं दाखवायचं?

पोलिसांनी पुढे काही जणांना पकडलं तेव्हा १४ जुलैला जमावाने पोलिसांच्या छावणीवरच चाल केली. त्या चकमकीत एक खाणकामगार मेला आणि सिडनीहून पुन्हा सैन्य धाडावं लागलं. खटले चालले, पण बहुतेक आरोपी सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यू साउथ वेल्सने कायदा केला खरा, पण तो चिन्यांच्या येण्यावर बंधनं घालणारा! मार खाल्ला त्यांनीच, आणि दार बंद झालं तेही त्यांनाच.

१९०१मध्ये साऱ्या देशाने तसलाच कायदा केला. अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन, आणि नको असलेला माणूस नापास. त्या चाळणीत आपलीही माणसं अडकायची. माझा व्हिसा तर सहा आठवड्यांत घरपोच आला होता.

गावाबाहेर ‘चायनामन्स डॅम’ नावाचं तळं आहे. चायनामन म्हणजे आपल्याला आधी फिरकी गोलंदाज कुलदीप यादव आठवतो. इथे मात्र ती शिवी होती, आणि पाटीवर आजही आहे. खाणीला पाणी पुरवायला जर्मन भावांनी बांधलेलं हे धरण नंतर चिन्यांकडे आलं. पाण्यावरूनच सगळं पेटलं होतं, म्हणून ही गोष्ट मला फार चमत्कारिक वाटली. आता काठावर चिनी स्मृतिबाग आहे: दगडी सिंह, झेपावणारा कांस्याचा घोडा, बदकं. एक चिनी कुटुंब चेरी खात बसलं होतं. त्यांच्या आजीने आमच्या बादलीकडे बघून ‘कितीला?’ अशी हाताने खूण केली. मी आकडा सांगितला. तिने कपाळाला हात लावला.

परतताना बायको नकाशा बघत होती. जमावापासून पळालेले बाराशेच्या वर चिनी इथून वीसेक किलोमीटरवरच्या करावाँग फार्मवर पोचले होते. मालक जेम्स रॉबर्ट्सने त्यांना आसरा दिला, खायला दिलं. गाडीला वीस मिनिटं. ते चालत गेले; जूनची रात्र, अंगावर होतं तेवढंच. इथे जूनमध्ये सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असतं.

“एसी जरा कमी कर,” ती म्हणाली.